सईला, देवघरातल्या वीराबद्दल

प्रिय सई,

अकरा नोव्हेंबरला इथे इंग्लंडात तुमच्या शाळेत युद्धात गेलेल्यांची नावं वाचली. त्यातली सहा तुझ्या वाट्याला आली होती आणि आठवडाभर तू ती घरभर म्हणत फिरत होतीस. त्या संध्याकाळी कोटावरची पॉपी, म्हणजे त्यांच्या स्मरणाचं ते लाल फूल, काढायच्या आधी तू देवघरापाशी थांबलीस आणि विचारलंस, "बाबा, ह्या घोड्यावरच्याचं नाव काय?" मी म्हटलं, माहीत नाही. तर म्हणालीस, "नावच माहीत नाही, मग तुम्ही आठवण कुणाची काढता?"

मी दिवा लावायचं निमित्त केलं. लागलं ते मला. तुझं चुकलं असतं तर एवढं लागलं नसतं. समोर बसून सांगायला गेलो की माझं भाषण होतं, म्हणून लिहितोय. अडेल तिथे आईकडून वाचून घे.

आधी तो वीर, म्हणजे कुळातल्या गेलेल्या माणसाचा तो घोड्यावरचा टाक, नीट ओळखायला शीक, कारण आपल्या देवघरात घोडेस्वार दोन आहेत आणि तू बहुतेक वेळा खंडोबालाच वीर समजतेस. खंडोबाच्या घोड्यावर म्हाळसाही असते आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा असतो. वीर एकटा. उजव्या हातात उभी तलवार, डाव्या हातात लगाम, घोड्याचा पुढचा एक पाय उचललेला. आपल्या टाकावरची तलवार आता नखाने चाचपावी लागते आणि चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत फुगवटा उरलाय.

टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा. सोनार तो ठशावर ठेवून ठोकतो, चित्र उठून येतं, मग मागे तांब्याचा पत्रा लावून कडा वळवून बंद करतो. मधला भाग पोकळ असतो. म्हणून टाक चिंचेने किंवा लिंबाने घासायचा नाही. आंबट पाणी कडेच्या फटीतून आत शिरतं, तांब्याला हिरवा गंज चढतो आणि वर्षभरात कडेला तो बाहेर दिसायला लागतो. दाबून घासला तर पोकळ चित्र चेपतं. आजी सगळे देव रांगोळीने घासायची. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाचीच पूड. इतक्या वर्षांच्या तिच्या भक्तीने वीराचं नाक खाल्लं! आपण इथे चिमूटभर भस्म आणि जुन्या सुती धोतराचा तुकडा वापरतो तो यासाठी.

आता माझ्या बाजूला न जाणारी एक गोष्टही सांगतो. टाक फार झिजला की नवा घडवतात, आणि नवा घडवताना सोनाराकडे वीराचा जो ठसा असेल तोच त्यावर उमटतो. घर वेगळं झालं की धाकट्या भावाकडे नवे टाक करून देतात. आप्पा आणि धाकटे आजोबा वेगळे झाले तेव्हा तसंच झालं, आणि बंडूकाकाकडचा वीरही असाच नंतर घडवलेला. म्हणजे एका माणसाचे तीन टाक आहेत आणि त्यातला एकही त्याच्यासारखा दिसत नसणार. कुळातला जो लढाईत पडला किंवा लग्नाआधीच अकाली गेला, त्याचा वीर करतात. आपला यातला कोणता, यावर घरात दोन मतं आहेत. आजी म्हणायची लढाईत पडला. मोठी आत्या म्हणते लग्नाआधी गेला, लढाई मागाहून जोडली. कोणती लढाई, ते दोघींनाही सांगता यायचं नाही.

नाशकात धुळवडीला रंग नसतो, रंग पाचव्या दिवशी, रंगपंचमीला. धुळवड वीरांची. सकाळी आजी वीराला देवघरातून काढायची, दुधापाण्याने धुवायची, हळदकुंकू लावायची. सुक्या खोबऱ्याची वाटी घ्यायची, तिला तडा नाही ना हे बोटाने फिरवून बघायचं, आत अक्षता पसरायच्या आणि त्यावर वीर बसवायचा. मग वाटीसकट लाल कापडात गुंडाळून वरून दोऱ्याचे वेढे. हा दोरा शोभेचा नाही. गर्दीत धक्का लागून वाटी उलटते आणि पाच-सात ग्रॅमचा टाक गोदेत पडला तर तो कुणाला सापडत नाही. घरातलं लहान मूल राम, कृष्ण, शिवाजी असं काहीतरी सजायचं, पोस्टरकलरच्या मिशा, पुठ्ठ्याची तलवार, आणि वीर त्याच्या हातात. पुढे हलगी. वाटेत थांबून थांबून वीर नाचवायचे, म्हणजे आपणच नाचायचं, वीर छातीशी धरून. नदीवर मोठं माणूस दोरा सोडायचं, टाक मुठीत घेऊन वर अंगठा दाबायचं आणि मूठ पाण्यात बुडवायचं. मूठ उघडायची नाही. परत येताना होळीच्या राखेभोवती पाच फेऱ्या, दारात पायावर पाणी, ओवाळणं, नैवेद्य, आणि वीर पुन्हा जागेवर.

संध्याकाळी दाजीबा निघायचा, बाशिंग बांधलेला वीर, अंगाला हळद लागलेली असतानाच मारला गेला अशी त्याची कथा सांगतात. त्याच्यापुढे बायका नवस बोलायच्या. त्या दिवशी लहान मुलांच्या डोक्यात मेलेला माणूस वगैरे काही नसायचं. खोबरं कधी फुटतं आणि वाटणीला किती येतं, एवढंच असायचं. तुमची शाळा दोन मिनिटं गप्प उभी राहते. आमच्याकडे गप्प बसलं की आजी विचारायची, बरं नाही का?

म्हणून "आठवण कुणाची काढता" याचं खरं उत्तर "कुणाचीच नाही" असंही देता येईल. पुढे ऐक.

आपल्याकडे नावं गळतात त्याला एक सरळ कारण आहे. श्राद्धात नाव घेऊन पिंड देतात ते बाप, आजा, पणजा या तिघांना. चौथी पिढी वर सरकली की तिचं नाव रोजच्या तोंडातून जातं. पितृपंधरवड्यात भाद्रपद वद्य चतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांसाठी वेगळी ठेवलेली आहे, पण तिथेही तीन पिढ्यांपलीकडचा वीर नावाने येत नाही. तो येतो टाकातून. नाव ठेवायची जागा वेगळी आहे, त्र्यंबकला आणि नाशकात तीर्थोपाध्यायांकडे. त्यांच्या वह्यांना नामावळ म्हणतात. आडनाव आणि मूळ गाव सांगायचं (आजचं राहतं गाव नाही, तिथेच निम्मे लोक चुकतात), मग ते तुमच्या गावाची वही काढतात. कोण कधी यात्रेला आलं, त्याने बापाचं, चुलत्यांचं, भावांचं काय नाव सांगितलं, ते त्यात असतं. जुनी पानं मोडी लिपीत आहेत. एखाद्या पिढीत कुणी यात्रेला गेलंच नसेल तर तिथे खाडा. आपला वीर त्यात असू शकतो, एखाद्याचा "भाऊ अमुक" म्हणून. नाशिकचा असून मी ती वही कधी उघडायला लावली नाही. का, ते आत्ता कागदावर लिहायला बसल्यावरही सापडत नाहीये. कदाचित आत्याचं खरं निघेल म्हणून.

आता तुझ्या बाजूच्या दगडांकडे वळतो. तुझं म्हणणं खोडायचं म्हणून नव्हे, तूही बघावंस म्हणून. साध्या शिपायाचं नाव न चुकता दगडावर कोरायचं हे इंग्लंडातही जुनं नाही, ते पहिल्या महायुद्धापासून नेमाने सुरू झालं. आणि तेव्हाही सगळ्यांसाठी नाही. ब्रायटनजवळ पॅचमच्या वर, डाऊन्सच्या टेकड्यांवर, आपण छत्रीच्या स्मारकापर्यंत चालत गेलो होतो, आठवतं? तिथे गाडी जात नाही म्हणून तू कुरकुरलीस ती जागा. ब्रायटनच्या इस्पितळांत मेलेल्या 53 हिंदू आणि शीख शिपायांना 1914-15 मध्ये तिथे अग्नी दिला. राख समुद्रात सोडली. 1921 मध्ये संगमरवरी छत्री उभी राहिली, समोरचे तीन ग्रॅनाइटचे चौथरे ज्या ओट्यांवर चिता रचल्या त्यांच्यावर आहेत. त्या छत्रीवर एकही नाव नाही. 53 नावांची वेगळी भिंत शेजारी बांधली ती 2010 मध्ये. जवळजवळ नव्वद वर्षं लोक तिथे फुलं वाहत होते, नावं न वाचता.

इराकात बसऱ्याला याहून मोठी गोष्ट आहे. मेसोपोटेमियात आपल्याकडची मराठा पलटणं बरीच होती. 103वी आणि 110वी ब्रिटिश सेनापती टाउनशेंडच्या फौजेबरोबर कुट शहरात वेढ्यात अडकल्या, डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, आणि शेवटी शरण जावं लागलं. ज्यांची कबर नाही किंवा चिताच झाली अशा 40 हजारांहून जास्त लोकांची नोंद बसरा स्मारकावर झाली. ब्रिटिश सैनिक नावाने. हिंदी अधिकारी नावाने. हिंदी शिपाई मात्र पलटणीगणिक आकड्याने. शिपायाच्या आईला जो नावाने ठाऊक होता, तो स्मारकाला एक आकडा. ही स्मारकं सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने या सगळ्या भेदभावाचा अहवाल 2021 मध्ये काढला आणि माफी मागितली.

गावातल्या पाट्यांचंही तेच. साताऱ्याकडे, पुण्याकडे जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक छोटा संगमरवरी दगड बसवलेला असतो: या गावातून इतके गडी 1914 ते 1919 च्या लढाईत गेले, पैकी इतके कामी आले. बस. अपशिंग्यातले 46 गेले, गावाला नावच पडलं मिलिटरी अपशिंगे. तिथल्या म्हाताऱ्यांना घर आणि घराणं दाखवून कोण गेला ते सांगता यायचं. दगडाला नाही.

आणि उलटही आहे, तेही सांगायला हवं. भीमा कोरेगावच्या खांबावर 1 जानेवारी 1818 ला कंपनीच्या बाजूने लढताना पडलेल्यांची नावं आहेत, त्यातली 22 "नाक" या शेवटाची, म्हणजे महार शिपायांची. बाबासाहेब आंबेडकर तिथे 1927 मध्ये गेले आणि आता त्या नावांसाठी दर वर्षी लाखो लोक येतात. नाव कोरलेलं असलं की काय होतं याचं इतकं ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रात दुसरं नाही. हे आठवलं की तुझा प्रश्न मला आणखी टोचतो.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, तू मागच्या सुट्टीत सिन्नरच्या वाटेवर पाहिलास, देवळाबाहेर पडलेला, लोक त्यावर चपला काढत होते तो. पुढच्या वेळी तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई, कधी पळवलेली गुरं. त्यावर अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. त्याच्या वर तो पिंडीसमोर बसलेला. माथ्यावर कलश, आणि बाजूला चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहो. बोरिवलीजवळ एकसरला तर दगडावर वल्ह्यांची जहाजं कोरली आहेत, समुद्रातल्या लढाईची. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. कोण, कुणाचा, काही नाही. काही उलटे पायरीत बसवलेत, काहींवर पिढ्यान्‌पिढ्या धुणी आपटली गेली. ज्यांना शेंदूर लागला ते त्यातल्या त्यात जपले गेले, पण शेंदराच्या थराखाली कोरीव काम बुजलं. हौशी मंडळी ऑइलपेंट फासतात, त्याला मात्र माफी नाही.

आता नाव आहे पण देह नाही, कबर नाही असा एक. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये. 10 जुलै 1944, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि सेक्शनमधला दुसरा कुणी उभा राहिला नाही, सगळे मेले किंवा जखमी. सोबतीला कुणी नाही हे माहीत असून ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, मशीनगन आणि ती चालवणारा गेला. मग टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. तेवढ्यात दबा धरलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि त्याच ठाण्यात ते गेले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. देह सापडला नाही म्हणून कबर नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे, तिथे असे बिनकबरीचे चार हजारांहून जास्त आहेत. माणगावला त्यांचा पुतळा आहे. आणि 2023 मध्ये इटलीत माँतोने गावात लोकांनी त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं, ते चक्क सावलीचं घड्याळ आहे. त्याच्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, सगळे एकाच सूर्याखाली. वीरगळावर चंद्रसूर्य कोरणाऱ्या पाथरवटाला ते लगेच कळलं असतं.

इतिहासाच्या प्रोजेक्टला आपल्याकडचा कुणी शोधायचा असेल तर वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदी ऑनलाइन आहेत. पण तुमच्या शाळेतल्या नावांसारखा आडनावाने शोध घेऊ नकोस, हाती काही लागत नाही. आपल्याकडच्या शिपायाचं कित्येकदा फक्त स्वतःचं नाव आणि बापाचं नाव लिहिलेलं असतं, आडनाव नाहीच. त्यात कारकुनाने कानाला आलं तसं स्पेलिंग केलेलं. यशवंतचं "येशवंत" झालंय, नाशिकमधला एच गायब असतो, पुण्याचं पूना, आणि रायगड शोधलंस तर शून्य, कारण 1981 पर्यंत तो कुलाबा जिल्हा होता. आधी पलटण घाल. तीही "मराठा" अशी नाही, त्या काळच्या स्पेलिंगमध्ये म आणि र यांच्यामध्ये एक एच आणि पुढे दोन टी आहेत. पहिल्या महायुद्धासाठी 103, 105, 110, 114, 116, 117 असे आकडे. 1922 मध्ये या जुळवून पाचवी मराठा झाली, म्हणून दुसऱ्या महायुद्धासाठी "पाचवी". मग तारीख लाव, मग यादीतल्या "अधिक माहिती"मध्ये गाव आणि तालुका वाच. आणि मराठी माणूस म्हणजे मराठा पलटणच असं धरू नकोस. 111 वी महार पलटण होती, खडकीचे सॅपर्स, म्हणजे लष्करातले इंजिनीअर, होते, खेचरं हाकणारे होते, स्वयंपाकी होते.

आप्पांनी घरातल्या कुणाचं पलटणीत असल्याचं कधी सांगितलं नाही, तेव्हा यादीत आपलं कुणी सापडेल अशा आशेने बसू नकोस. सापडलं नाही म्हणून वीर खोटा ठरत नाही आणि सापडलं तर तोच हा, असंही नाही.

तू वीराला मान दे असा माझा आग्रह नाही. तुला ती सहा नावं पाठ आहेत, ती माझ्या आठवणीतल्या हलगीपेक्षा नेमकी आहेत, हे मला कळतं. मला एवढंच वाटतं की दर वर्षी मुठीत धरून पाण्यात बुडवायचं आणि नाव विसरायचं, हे दोन्ही एकाच घरात कसं चाललं ते तूही एकदा हातात घेऊन बघावंस. हातातच का, तर आमच्याकडे तो मुलग्यांनीच न्यायचा असा रिवाज होता. का, हे मी आजीला विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. बंडूकाका फोनवर काहीतरी बोलेलच. त्याला मी बघतो.

धुळवड मार्चमध्ये आहे आणि त्या दिवशी तुझी शाळा आहे, म्हणजे संध्याकाळी पाचनंतर. गोदा नाही, समुद्र आहे, पण ब्रायटनच्या किनाऱ्यावर गोटे आहेत आणि लाट पाय ओढते, त्यामुळे लाटेत मूठ घालायची नाही. बादलीत समुद्राचं पाणी वर आणू, तिथे बुडवू, आणि घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवू, खाऱ्या पाण्याने चांदी काळी पडते. खोबऱ्याच्या वाट्या दुकानात अर्ध्या फुटलेल्याच येतात, तेव्हा दोन-तीन जास्त आणू. तडा तू बघ, तुझी बोटं बारीक आहेत.

आणि त्र्यंबकच्या वहीचं मी बंडूकाकाला विचारलंय. मूळ गाव कोणतं सांगायचं, यावरच आत्ता त्याचं आणि आत्याचं वाजलंय.

तुझा,
बाबा